पंचमातलं विमान

पॅडबद्दल बोलताना कुणी ‘वॉर्म’ हा शब्द वापरला की माझं डोकं फिरतं. पन्नाशी जवळ आली, रोज सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेते, तरी फिरतं. पॅड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांनीच काही स्टुडिओत दिवस काढलेले नसणार. गाण्यात गाणारा पुढे असतो, ढोलक-टाळ बाजूला असतात आणि या सगळ्यांच्या मागे एक सूर सतरंजीसारखा अंथरलेला असतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण तो काढून घेतला की गाणं उघडं पडतं. हा अंथरलेला सूर म्हणजे पॅड. तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक तर खऱ्या माणसांचा नाहीतर वाद्यांचा आवाज एकेका सुरावर रेकॉर्ड करायचा आणि कीबोर्डच्या पट्ट्यांखाली बसवून द्यायचा. पट्टी दाबली की तो वाजतो. याला सॅम्पल म्हणतात. नाहीतर कॉम्प्युटरमधल्या सिंथवर शून्यातून आवाज घडवायचा. कोरी लहर घ्यायची, तिच्या कडा घासायच्या, तिला हळूहळू उघडायचं. यातलं कुठलं बरं यावर हल्लीची पोरं तावातावाने भांडतात. सॅम्पलमध्ये ऊब असते म्हणे आणि सिंथ थंड असतो. कुणाची ऊब, हे मात्र एकही जण विचारत नाही.

आम्ही तेव्हा मखमलाबादच्या बाजूला राहायचो. घरामागे वीस गुंठ्यांत शेवंती आणि झेंडू. बाबा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते, इंजिनाच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात. घरातलं पहिलं काम आईचं असायचं. उजाडायच्या आत तोडलेली फुलं ओल्या गोणपाटात बांधून ती पंचवटीच्या फुलबाजारात जायची आणि नऊच्या सुमाराला परत येऊन भाकरी टाकायची. भाकरी थापताना ती गुणगुणायची नाही. तिला गुणगुणणं आवडायचंच नाही. गायचं तर तोंड उघडून गायचं, नाहीतर गप्प बसायचं, असा तिचा खाक्या होता. बाबांचा कान वेगळ्याच कामाचा. चाचणीसाठी उडालेलं विमान आमच्या वरून गेलं की त्यांचा घास हातातच थांबायचा. मान जराशी तिरकी करून ते ऐकायचे आणि म्हणायचे, “आपल्या शॉपचं हाय.” मग वांग्याच्या भरतात भाकरी बुडवायचे. आई म्हणायची, “एवढं कान देऊन माजं गाणं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.” बाबा त्यावर आणखी भरीत मागून घ्यायचे.

आईच्या भजनी मंडळातल्या तिघींचं विशेष जमायचं. आई, म्हणजे इंदूबाई, तिच्यासोबत बाजारात बसणारी सखूमावशी, आणि हसीनाचाची. हसीनाचाची हार ओवायची. तिच्याइतका घट्ट हार बाजारात कुणाचा नव्हता आणि तिच्याइतका मोकळा आवाजही नव्हता. मंडळात आधी कुणीतरी नाक मुरडलं होतं म्हणे, तेव्हा आईने विचारलं होतं, “सूर कच्चा हाय का तिचा? नाय ना? मग सरका तिकडं.” या तिघींची एक रीत होती. सूर धरला की तिघी एकदम श्वास घ्यायच्या नाहीत. एक दम घेतेय असं दिसलं की उरलेल्या दोघी सूर जरा पुढे करायच्या, मग तिने परत यायचं आणि दुसरीने सुटायचं. यासाठी त्या एकमेकींकडे बघायच्याही नाहीत. मांडीला मांडी लावून बसायच्या आणि शेजारणीच्या बरगड्यांवरून त्यांना कळायचं. त्यामुळे त्यांचा ‘आ’ सुरू झाला की मध्ये कुठे फटच पडायची नाही. आई सांगायची, “सूर खाली ठेवायचा नसतो. एकीच्या हातातनं दुसरीच्या हातात.”

या आवाजामुळेच बापूशेठने त्यांना बोलावलं. बापूशेठ आधी लग्नांना साउंड आणि मांडव पुरवायचा. मग दिंडोरी रोडला एका गोदामाच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून त्याने स्टुडिओ काढला. देवीची गाणी, खंडोबाची गाणी, लग्नातली गाणी, काय वाट्टेल ते तिथे रेकॉर्ड व्हायचं. दर मंगळवारी दुपारी या तिघी मागचा कोरस गायला जायच्या. मंगळवारी आईचा नूरच वेगळा असायचा. सकाळपासून ती आंबट खायची नाही, सुंठ-गुळाच्या गोळ्या करून पदराच्या गाठीत बांधायची आणि बाजारातून आल्यावर मोरपंखी लुगडं नेसायची. हसीनाचाची खोबऱ्याच्या वड्या आणायची. सीडीच्या कव्हरवर अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं: कोरस – इंदूबाई, सखूबाई, हसीनाबी. आईला वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीची जागा तिला पाठ होती. पाहुणे आले की ती कव्हर काढायची आणि बरोबर तिथेच बोट ठेवायची.

मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. आईच्या ओळखीने बापूशेठकडे कामाला लागले, आधी नुसती फायली सांभाळायला, पण सहा महिन्यांत कॉम्प्युटरवरचं सगळं मीच बघू लागले. तिथेच मला पहिल्यांदा सॉफ्टवेअर सिंथ भेटला. एका गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरवर घालून दिला होता, शिकवणारं कुणी नव्हतं. दुपारी स्टुडिओ रिकामा असायचा तेव्हा मी एकेक बटण फिरवून बघायचे. सलग तीन आठवडे खपून मी एक पॅड केला. तो दवासारखा यायचा, कधी सुरू झाला ते कळायचंच नाही. मी तो कुणाचा चोरला नव्हता, कुणाकडून मागितला नव्हता. नव्हता तिथे मी तो केला होता. जीव मुठीत धरून मी बापूशेठला ऐकवला. त्याने पान चघळत ऐकला आणि म्हणाला, “चांगलाय गं पोरी, पण हा माठातल्या नाही, फ्रिजमधल्या पाण्यासारखा वाटतो. यात माणूस नाही. मुंबईकडे सॅम्पलचे पॅड मिळतात, त्यात माणूस असतो. पण ते आपले नाहीत, आपल्या मातीतला पाहिजे.”

आता जे लिहिणार आहे ते मी अनेक वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना मी बापूशेठचंच नाव सांगत आले आणि लोकही त्यालाच शिव्या घालत आले. पण त्या दुपारी मला माझं डोकं दाखवायचं होतं. एकविसाव्या वर्षी माणसाला दुसरं काही सुचत नाही. मी म्हणाले, “शेठ, आपण आईचा आणि दोघींचा करू ना. एकेक सूर घेऊ. त्यांचा सूर तुटतच नाही, त्यामुळे जोडही दिसणार नाही.” बापूशेठचं पान चघळणं थांबलं. तो म्हणाला, “तू लई पुढे जाशील.” मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना बाबांसाठी पेढे घेतले.

मंगळवारी तिघी आल्या. आज गाणं नाही, नुसता ‘आ’ लावायचा आहे, असं मी सांगितल्यावर त्यांना काही समजेना. बापूशेठने समजावलं, “ताई, मशीनला सूर शिकवायचाय.” झालं. एवढ्या एका वाक्यावर त्या विरघळल्या. त्यांच्या मंडळात सूर शिकवायला नाही म्हणायची रीतच नव्हती. सुनेला, शेजारणीला, शाळेतल्या पोरींना, जो मागेल त्याला शिकवायचं. आईने पिशवीतून झेंडू काढून कॉम्प्युटरवर ठेवला. सखूमावशी माइकला हळदीकुंकू लावायला निघाली तेव्हा बापूशेठ ओरडला, “अहो, त्याच्या जाळीत जाईल!” मग तिने माइकच्या दांड्याला लावलं. हसीनाचाचीने मला विचारलं, “नंदा, ये मशीन सीखेगा तो फिर हमारे साथ गायेगा ना?” मी हो म्हणाले. तिचा चेहरा मला आजही दिसतो. मी हो म्हणाले.

दोन मंगळवार लागले. एकेक सूर, खालच्यापासून वरपर्यंत, प्रत्येक सूर मी थांब म्हणेपर्यंत. आम्ही थकलो, त्या थकल्या नाहीत. आपणहून म्हणायच्या, “हा कच्चा झाला, परत घे. मशीनला चुकीचं शिकवशील.” मधल्या सप्तकातला पंचम लागला तेव्हा तर हेडफोनमध्ये ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तसा सूर मी पुन्हा कधी ऐकला नाही. आणि नेमकं त्याच वेळी वरून ओझरचं विमान गेलं. अंड्यांच्या ट्रेंनी कसलं विमान अडतंय? सुराच्या पोटात घरघर चढत आली आणि उतरत गेली. मी हात वर केला, पण तिघी थांबल्या नाहीत. त्यांनी आणखी दोनदा पंचम घेतला, पण पहिल्याची सर नव्हती. बापूशेठ म्हणाला, “विमान राहू दे. कोण ऐकतंय एवढं.” मी पहिलाच ठेवला. मग आठवडाभर बसून मी प्रत्येक सुराच्या आधीचा श्वास कापला, शेवटी आवाज उतरत जातो तो कापला, मधलाच भाग गोल जोडून दिला. पट्टी दाबून ठेवाल तोवर सूर चालू राहणार. माझी जोड कुठेच कळत नव्हती. मी फार खूश होते स्वतःवर.

पुढच्या मंगळवारी बापूशेठने निरोप पाठवला, आज काम नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. आई मोरपंखी लुगडं नेसून ओसरीवर बसायची, चार वाजले की उठून बदलायची. मी सकाळी स्टुडिओत जायचे, पट्ट्या दाबून त्यांचा कोरस घालायचे, संध्याकाळी घरी येऊन तिला म्हणायचे, सध्या मंदी आहे. हो, असं खोटं मी सांगितलं. एकदा नाही, सात-आठ मंगळवार. त्या सुंठ-गुळाच्या गोळ्या मग मीच खाल्ल्या, आणि एवढं करून मला त्या गोड लागायच्या.

नवरात्रात फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे ढीग, ओरडा, आणि वर कुणीतरी लावलेला कर्णा. मी आईला मदतीला गेले होते. कर्ण्यावर देवीचं एक नवं गाणं लागलं आणि आईचा तागडीवरचा हात थांबला. मागचा ‘आ’ सुरू झाला होता. पलीकडून सखूमावशी ओरडली, “इंदे, आपुनच हाय ना गं?” हसीनाचाची सुई तशीच धरून उठून आली. तिघी ऐकत राहिल्या. आपलाच आवाज, त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण हे गाणं कधी गायलो? चाल आठवत नाही, शब्द आठवत नाहीत. सखूमावशी म्हणाली, बहुतेक आषाढात. हसीनाचाची म्हणाली, नहीं नहीं. आई पुन्हा झेंडू जोखायला लागली. घरी आल्यावर तिने मला चुलीपाशी बसवलं आणि हळूच विचारलं, “नंदे, मला एकदा डाक्टरकडं नेतीस का? माजं ध्यान जाया लागलंय. अख्खं गाणं गायलं आन काय बी आठवंना. तुझ्या आजीचं बी असंच सुरू झालं होतं.”

तळपायाची आग मस्तकात गेली असं आपण दुसऱ्याबद्दल सहज लिहितो. मला माझाच इतका राग आला की मी तवा उलटा टाकला. धडधाकट बाई स्वतःला वेडी समजायला लागली होती, आणि तिला तिथवर पोचवणारी मी, तिच्याच चुलीपाशी बसून तिच्याच हातची भाकरी खात होते. मी सगळं सांगितलं. माझी कल्पना होती हेही सांगितलं. आई बराच वेळ चुलीतली लाकडं सारखी करत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे ध्यान नाय गेलं माजं.” तिला आधी त्याचंच बरं वाटलं. राग नंतर आला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी माझ्यासोबत स्टुडिओत आली. बापूशेठने चहा मागवला, तिने घेतला नाही. तिने पैशाचा शब्द काढला नाही हे मी मुद्दाम लिहिते, कारण बापूशेठ नंतर गावभर सांगत फिरला की बाई पैसे मागायला आली होती. तिने नव्या सीडीचं कव्हर हातात घेतलं, तळाशी त्या ठरलेल्या जागी बोट ठेवलं आणि मला विचारलं, “हितं काय लिवलंय?” मी वाचलं, “कीबोर्ड व संगणक.” आई म्हणाली, “शेठ, गातोय आमी. आमची नावं लिवा.” बापूशेठ हसला. म्हणाला, “ताई, तुम्ही कुठे गाताय? तुम्ही घरी बसलाय. पट्टी तुमची पोरगीच दाबते.” आईने विचारलं, “मंग निघतंय त्ये कोन?” तो म्हणाला, “ते सॅम्पल. सॅम्पलला कुठे नाव असतं?” मला आजवर या प्रश्नाचं याहून निर्लज्ज उत्तर मिळालेलं नाही, आणि मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या लोकांनी मला हेच उत्तर दिलं आहे, फक्त जरा चांगल्या इंग्रजीत.

आई निघून गेली. मी मागे राहिले आणि तो सगळा पॅड कॉम्प्युटरवरून पुसून टाकला, सुरांच्या मूळ फायलींसकट. नोकरी सोडली. मला वाटलं फार मोठा न्याय केला. घरी येऊन सांगितलं तर आई माझ्यावरच उसळली. “सूर पुसत्यात व्हय? त्यो काय पाटीवरचा हिशोब हाय? त्या दोघींना इचारलंस?” मला रडूच फुटलं. आणि पुसूनही काय झालं? बापूशेठने तोवर पॅड चार जणांना वाटला होता, त्यांनी आणखी चाळीस जणांना. ती माणसं सूर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देणारी नव्हती, ती नुसती वाटणारी होती.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी सॅम्पलचा पॅड वापरलेला नाही. पुढे मी स्वतःची खोली घेतली, कॉम्प्युटर घेतला, जाहिरातींना आणि मालिकांना संगीत दिलं, सगळं सिंथवर घडवून. एकदा आई शेजारी बसून बघत होती तेव्हा तिने तिच्या पद्धतीने समजून घेतलं, “तुजं ह्ये पेरल्यालं हाय. त्यांचं तोडल्यालं.” लोक म्हणाले, तुमच्या पॅडमध्ये माणूस नाही. नाहीच. म्हणून तर मी शांत झोपते.

आई जाऊन तीन वर्षं झाली. सखूमावशी आणि हसीनाचाची तिच्या आधीच गेल्या. गेल्या हिवाळ्यात कॉलेज रोडला पोरांच्या एका शिबिरात मला बोलावलं होतं. विषय तोच, सॅम्पल बरं की सिंथ. माझ्या आधी सायली नावाची हुशार मुलगी बोलली. तिने एक पॅड लावला. नाव ‘टेंपल मिस्ट’, कुठल्या तरी परदेशी संग्रहातला म्हणाली. तिने वरची पट्टी दाबली, मग खालची, मग पंचम. आणि पंचमाच्या पोटात घरघर चढत आली आणि उतरत गेली. सायली सांगत होती, “इथे ऐका, खाली जे हलतंय ना, ती खरी वॉर्म्थ. सिंथमध्ये हे येत नाही.” मी उठले आणि इतक्या मोठ्याने ओरडले की मागचा शिपाई धावत आला. “ते ओझरचं विमान आहे!” पोरं हसली. मग मी तिघींची नावं सांगितली, आणि हळदीकुंकू, आणि झेंडू, आणि मोरपंखी लुगडं. ओरडूनच सांगितलं सगळं. शेवटी कुणी हसत नव्हतं. सायलीने घरी जाऊन तिच्या कॉम्प्युटरमधल्या त्या पॅडचं नाव बदललं आणि तो मला पाठवला. इंदूबाई सखूबाई हसीनाबी, एवढंच नाव. जगभर तो हजारो कॉम्प्युटरांत दुसऱ्याच नावाने आहे, हे मला माहीत आहे, आणि त्याचा संताप माझ्याबरोबरच जाईल.

बाबा आता शहाऐंशीचे आहेत. डोळे गेले, कान शाबूत आहेत. मी सायलीने पाठवलेला तो पॅड लावला, कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांच्या कानांना हेडफोन लावला आणि त्यांचं बोट धरून पंचमाच्या पट्टीवर टेकवलं. त्यांची मान तिरकी झाली. “आपल्या शॉपचं हाय,” ते म्हणाले. विमान येत होतं, जात होतं, परत येत होतं, पण ते आता विमान ऐकत नव्हते. बराच वेळ बोट तसंच दाबून होतं.

“ह्या दम कवा घेत्यात गं?” त्यांनी विचारलं.

“घेत नाहीत बाबा. मी कापला.”

ते आणखी थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “दमली आसंल ती. घेऊ दे दम,” आणि त्यांनी पट्टीवरचं बोट उचललं.